पंडिता रमाबाई व त्यांच्या अंध लेकी

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणासाठी झिजलेल्या थोर व्यक्तींत पंडिता रमाबाईंची गणना होते. त्यांची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. परंतु अनाथ व अंध मुलींस त्यांनी स्वतःच्या पायांवर कसे उभे केले, ही हकीकत आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविले, व मातेने ती विद्या कन्येस दिली. पुढे दुष्काळाने आईबापांचे छत्र हिरावले. रमाबाई व बंधू श्रीनिवासशास्त्री अर्धपोटी देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला. परंतु १८८२ साली पतीही निवर्तले, व पदरी मनोरमा ही तान्ही कन्या राहिली.

१८८३ साली रमाबाई वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. श्रवणशक्ती मंद असल्यामुळे तो मार्ग त्यांस बंद झाला. शरीरातील एखादे न्यून माणसाची वाट कशी अडविते, हे त्यांनी असे स्वतः अनुभविले. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत साहाय्य मिळवून त्या परतल्या, व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदा सदन स्थापिले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून, व १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून, शेकडो निराधार मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावी आणल्या. तेथे मुक्ति सदन उभे राहिले. मुलींस अन्नवस्त्र देणे कठीण खरेच. पण त्या वाढल्यावर त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्याहून कठीण होता. कोणी शिक्षिका होई, कोणी संसारास लागे. परंतु अंध मुलीस मागणी कोण घालणार, व काम कोण देणार?

रमाबाईंनी ह्या मुलींस दयेवर सोडिले नाही. बार्तिमी सदन नावाने त्यांच्यासाठी निराळी शाखा निघाली. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. ती त्यांनी ह्या मुलींस शिकविली. बोटांनी वाचणे व हातांनी टोपल्या विणणे ही दोन्ही कामे साधू लागताच, जी पोर काल केवळ ओझे मानली जाई, तीच इतरांच्या उपयोगी पडू लागली. जिला बाहेर ठिकाण नव्हते, तिला सदनातच मानाचे काम मिळाले.

ह्या कार्याची धुरा कन्येवर सोपवावी, अशी रमाबाईंची आशा होती. ती फळास आली नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंनी आपल्या शेजारच्या मिरजेस देह ठेविला. रमाबाईंनी तो घाव निमूटपणे सोसून मराठी बायबलाचे भाषांतर तडीस नेले, व ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूच्या घरी गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, अनाथास आसरा देणे हे पुण्य आहे. परंतु आसरा सुटेल त्या दिवशी त्याच्या हाती कला व मनी धीर असावा, ही तजवीज करणे हे त्याहून मोठे पुण्य होय. रमाबाईंच्या चरित्रापासून आपण एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.