यानागिता कुनिओ : लोककथा आणि स्मरणदिनांचा अभ्यासक

प्रास्ताविक

ज्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवले नाही, त्या सामान्य माणसांचा इतिहास कोठे शोधावा? तो त्यांच्या कथांत, बोलीत आणि सणांत सापडतो, असे मानून आयुष्यभर काम करणारे जपानी अभ्यासक म्हणजे यानागिता कुनिओ (१८७५-१९६२). जपानमधील लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे ते जनक मानले जातात. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेणार आहोत. जपानी प्रथेनुसार येथे आडनाव आधी लिहिले आहे.

जडणघडण

यानागितांचा जन्म ३१ जुलै १८७५ रोजी ह्योगो प्रांतातील त्सुजिकावा या गावी मात्सुओका कुटुंबात झाला. वडील विद्वान होते. घर मात्र अगदी लहान आणि भावंडे पुष्कळ. किशोरवयात ते तोने नदीकाठच्या फुकावा येथे थोरल्या भावाकडे राहावयास गेले. तेथील एका मंदिरात त्यांनी एक चित्रफलक पाहिला. त्यात एक आई आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेत होती आणि तिच्या सावलीला शिंगे होती. दारिद्र्यापोटी घडणाऱ्या बालहत्येचे ते चित्र त्यांच्या मनातून कधीच पुसले गेले नाही. बालपणी पाहिलेला दुष्काळ आणि हे चित्र यांमुळेच शेतकऱ्यांचे दैन्य हा त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. तोक्यो येथे कायद्याचे शिक्षण पूर्ण करून १९०० मध्ये ते कृषी व वाणिज्य मंत्रालयात रुजू झाले. पुढील वर्षी ते यानागिता घराण्यात दत्तक गेले.

तोनोच्या कथा

१९०८ मध्ये त्यांची सासाकी किझेन या तरुणाशी भेट झाली. सासाकी ईशान्य जपानमधील तोनो या डोंगराळ भागातील होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या ११९ कथा व हकिकती यानागितांनी ‘तोनो मोनोगातारी’ या ग्रंथात नोंदविल्या. १९१० मध्ये त्याच्या केवळ ३५० प्रती निघाल्या. नदीतील कप्पा, घराला भाग्य देणारे बालरूपी झाशिकी-वाराशी अशी अद्भुत पात्रे त्यात आहेत. परंतु त्यातील एक हकिकत विशेष लक्षात राहते. १८९६ च्या त्सुनामीत पत्नी व काही मुले गमावलेल्या एका माणसाला वर्षभराने, धुके पडलेल्या चांदण्या रात्री, किनाऱ्यावर ती पत्नी दिसते. तिच्यासोबत त्याच लाटेत मेलेला, लग्नापूर्वी तिचे ज्याच्यावर मन होते असा पुरुष असतो. मुलांची आठवण करून देताच ती रडू लागते आणि दोघेही दृष्टीआड होतात. आपत्तीच्या कोणत्याही सरकारी अहवालात न मावणारे दुःख या कथेने जपले आहे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने या ग्रंथाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. सासाकींनी कथा आपल्या बोलीच्या वळणाने सांगितल्या. यानागितांनी त्या अभिजात लेखनशैलीत उतरविल्या. त्यामुळे कथा टिकली, परंतु सांगणाऱ्याचा आवाज हरवला.

गोगलगाय आणि बोली

बोलींकडे मात्र ते पुढे आवर्जून वळले. १९३० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘काग्युको’ या अभ्यासात त्यांनी गोगलगायीसाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या शब्दांची नोंद घेतली. जुन्या राजधानीच्या, म्हणजे क्योतोच्या परिसरात एक शब्द, त्याभोवती दुसरा, त्यापलीकडे तिसरा अशी वर्तुळे त्यांना आढळली. परस्परांपासून अत्यंत दूर असलेल्या ईशान्य आणि नैर्ऋत्य टोकांना सारखेच शब्द मिळाले. केंद्रात नवा शब्द रूढ होतो आणि जुना शब्द कडेला टिकून राहतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रत्येक शब्दाला हा नियम लागू पडत नाही. तरीही खेड्यातील बोली अशुद्ध नसून ती इतिहासाचे साधन आहे, ही दृष्टी त्यातून मिळाली.

पूर्वजांचे दिवस

१९४५ मध्ये तोक्योवर बाँबहल्ले होत असताना सत्तरीच्या उंबरठ्यावरील यानागिता ‘सेन्झो नो हानाशी’ हा पूर्वजांविषयीचा ग्रंथ लिहीत होते. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक प्रदेशांत ऑगस्टच्या मध्यास येणाऱ्या बोन सणात दाराशी अग्नी पेटवून पितरांचे स्वागत करतात आणि अग्नीनेच त्यांना निरोप देतात. नववर्षाचा सणही मुळात पितरांच्या आगमनाचाच होता, असे यानागितांचे मत होते. मृतांचे आत्मे दूर कोठे न जाता जवळच्या डोंगरावरून घराकडे पाहत असतात, अशी लोकश्रद्धा त्यांनी मांडली. यामागे एक तातडीचा प्रश्न होता : अविवाहित, निःसंतान असताना युद्धात मेलेल्या तरुणांचे स्मरण कोण करणार? अशा तरुणांना नव्या घराण्याचे मूळपुरुष मानावे, असा मार्ग त्यांनी सुचविला.

समारोप

८ ऑगस्ट १९६२ रोजी, बोन काही दिवसांवर असताना, यानागितांचे निधन झाले. बालपणी पाहिलेले नाव नसलेले अर्भक आणि वार्धक्यात आठवलेले वंश नसलेले सैनिक, या दोहोंच्या दरम्यान त्यांचे सारे कार्य उभे आहे. कथा आणि स्मरणदिन ही केवळ करमणुकीची साधने नाहीत. विस्मृतीत जाऊ शकणाऱ्या माणसांसाठी समाजाने राखलेली ती जागा आहे, हे त्यांच्या जीवनातून उमगते.

स्वाध्याय

१. ‘तोनो मोनोगातारी’चे महत्त्व व मर्यादा स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एका वस्तूसाठी वेगवेगळ्या गावांत वापरले जाणारे शब्द गोळा करा व त्यांची तुलना करा.