अण्णांचे बोर्डिंग

सभागृहातली ती पांढऱ्या दाढीची तसबीर आपण वर्षानुवर्षे पाहिली. दर २२ सप्टेंबरला तिला हार घातला, पाठ केलेली भाषणे म्हटली आणि टाळ्या वाजवून वर्गात गेलो. पण भाकऱ्यांची पाळी आली की तोंडे वाकडी करायचो, आचाऱ्याचा पगार वाचवायला आपल्याला राबवतात असेही म्हणायचो. निदान मी तरी म्हणायचो. त्या तसबिरीतल्या माणसाचे चरित्र नीट वाचले ते शाळा सोडल्यावर. तेव्हा कळले की त्या पाळीचा पगाराशी फारसा संबंध नव्हता.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घर ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीला. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. अभ्यासात यथातथाच. त्या काळी अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. भाऊराव त्याच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर विटाळ फिटावा म्हणून अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगाने त्यांना बाहेर काढले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले, पण मॅट्रिक काही झाली नाही.

मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या प्रसंगात आहे. नियम कोणी करायचे, पंगतीत कोणाशेजारी कोण बसणार हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडलेला नव्हता. बिछाना उचलून बोर्डिंगाबाहेर पडावे लागलेल्या पोराला तो पडला होता.

मधली वर्षे भराभर सांगतो. शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल विकत ते गावोगाव फिरले. त्या फिरतीत शेतकऱ्याचे घर आतून दिसले आणि शाळेची वाट न पाहिलेली पोरेही दिसली. एका खटल्यात खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तुरुंगवास आणि छळही सोसला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली ती साताऱ्याला आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

या बोर्डिंगात मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळ्या घरची पोरे एकाच पंगतीला. लाकूड आणायचे, पाणी भरायचे, जोंधळा निवडायचा, भाकऱ्या थापायच्या, शेतात राबायचे, हे सगळे मुलांकडे. महाराने थापलेली भाकरी मराठ्याने खायची आणि मराठ्याने घासलेल्या ताटात महाराने जेवायचे. रोज दोन वेळा हे घडत असेल तर त्यावर व्याख्यान कशाला द्यायचे? आणि दान घेतो आहोत ही लाजही राहत नव्हती, कारण ज्या ताटावर मुलगा बसला ते त्याच्याही घामाचे होते.

यातला सर्वांत मोठा वाटा मात्र भाषणात आपण एका वाक्यात उरकायचो. लक्ष्मीबाई, मुलांच्या वहिनी, सोवळ्याओवळ्याच्या जैन घरातून आल्या होत्या. नवऱ्याने घरात आणलेली ही पोरे पोटाशी धरायला त्यांना स्वतःशी केवढे झगडावे लागले असेल. बोर्डिंगात धान्य संपले की त्यांचा एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. अण्णांच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण त्या थोरवीची किंमत कोणी मोजली हे विसरून हार घालणे मला आता जमत नाही.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. पुणे कराराच्या सुमारास, १९३२ मध्ये, पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहणे तिथेच, आणि खर्चाला मुलांच्या श्रमाचा हातभार. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका ही योजना कॉलेजातही गेली. शाहू बोर्डिंगातले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, संस्थेच्याच कामात परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४८ नंतर एका भाषणावरून सरकारने अनुदान बंद केले, तेव्हा गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. पुढे कराडच्या कॉलेजला गाडगे महाराजांचेच नाव दिले गेले.

१९५९ साली पद्मभूषण मिळाले, मॅट्रिक न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

जाता जाता एक निरोप. मेळाव्याच्या संध्याकाळचे पिठले-भाकरी आपल्या तुकडीने अंगावर घेतले आहे. पाळ्यांची यादी भटारखान्याच्या दारावर लावली आहे. पहिली पाळी माझी आहे. गुरुजनांनी फक्त जेवायला बसावे. बाकीच्यांनी बाह्या सावरून वेळेवर यावे.