योगाचा एक्स-रे काढणारे लोणावळ्याचे स्वामी

लोणावळ्याला गेलेला माणूस बहुतेक वेळा भुशी डॅम बघतो, चिक्की घेतो आणि परत फिरतो. त्याच गावात १९२४ सालापासून कैवल्यधाम नावाची एक संस्था उभी आहे. आसन किंवा प्राणायाम केल्यावर शरीरात नेमकं काय घडतं, हे यंत्रं लावून तपासायला जगात ज्या मोजक्या ठिकाणी सुरुवात झाली, त्यांत हे नाव अगदी वर येतं. ती उभी केली स्वामी कुवलयानंदांनी. स्वामी होण्याआधी ते होते जगन्नाथ गणेश गुणे.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. पण पोरगा हुशार होता. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि पुढे बडोद्याला कॉलेजात गेले. त्या काळात अरविंद घोष बडोद्यात शिकवत होते. त्यांचा आणि लोकमान्य टिळकांचा प्रभाव तरुण गुण्यांवर पडला. देशासाठी काहीतरी करायचं आणि त्यासाठी लग्न करायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं.

बडोद्यातच जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. पुढे ते अमळनेरला गेले, तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय विचारांचं हे कॉलेज इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपत होतंच, १९२३ मध्ये ते बंद पडलं.

तोपर्यंत त्यांच्या आयुष्याला वेगळं वळण लागलेलं होतं. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदास हे बंगाली योगी भेटले. त्यांच्याकडे शिकताना योगाचा परिणाम त्यांना स्वतःच्या अंगावर जाणवत होता. अडचण होती ती स्पष्टीकरणाची. त्या काळी शिकलेल्या लोकांना योग म्हणजे थोतांड वाटायचं, आणि भाविकांना योगाबद्दल शंका काढणं म्हणजे पाप. गुणे स्वतः श्रद्धाळू होते, तरीही त्यांनी शंका काढली. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या दवाखान्यात आपल्या विद्यार्थ्यांना उभं करून त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग सुरू केले.

यातला एक प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदद्वारावाटे पाणी आत ओढून घेतो. हे कसं होतं? जुनं उत्तर होतं, वायूच्या बळावर. गुण्यांनी आतल्या दाबाचं मोजमाप केलं. नौली करताना, म्हणजे पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून पुढे आणताना, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. दाब कमी, म्हणून पाणी आपोआप आत खेचलं जातं. चमत्कार वगैरे काही नाही. या पोकळीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरूंच्या विद्येतलं गूढ उकलून दाखवायचं आणि त्या शोधाला गुरूंचंच नाव द्यायचं, ही गुरुदक्षिणा फार लोभस आहे.

१९२४ मध्ये कैवल्यधामबरोबरच ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. एक्स-रेची चित्रं, दाबाचे आकडे आणि आसनं कशी करायची याची माहिती, असा सगळा ऐवज त्यात असायचा.

यंत्र वापरायचं म्हटलं की ते कधी आपल्या विरोधातही बोलतं. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हा लोकांचा लाडका समज. कुवलयानंदांनी तपासलं आणि तो खरा नसल्याचं लिहिलं. प्राणायामाचं महत्त्व मज्जासंस्थेवरच्या आणि मनावरच्या परिणामात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. संस्था योगाची, त्यामुळे हा निष्कर्ष झाकून ठेवणं सोपं होतं. ऑक्सिजनचा तो दावा आजही व्हॉट्सॲपवर फिरतोच आहे, ही गोष्ट वेगळी.

आसन म्हणजे कसरत नव्हे, यावर त्यांचा भर होता. झटके द्यायचे नाहीत, दमायचं नाही. सावकाश जायचं आणि सुखाने स्थिर राहायचं. ध्यानासाठी बसायची आसनं वेगळी आणि शरीर घडवायची वेगळी, अशी त्यांची मांडणी होती. १९२७ मध्ये महात्मा गांधी आजारी पडले, रक्तदाब वाढला होता. तेव्हा त्यांनी आसनांबद्दल कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता.

१९३२ मध्ये मुंबईत त्यांचं आरोग्य केंद्र सुरू झालं आणि काही वर्षांनी ते मरीन ड्राइव्हला आलं. तिथे औषधांच्या जोडीला योग शिकायला रुग्ण येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यात योग शिकवणारं कॉलेजही निघालं.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले, वयाच्या ८२ व्या वर्षी. ‘योग मीमांसा’ त्यांच्यानंतरही निघत राहिलं.