वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतःला टोचणारा शास्त्रज्ञ

आपल्या वाशिम जिल्ह्यात बालकांना लस टोचणे आज नित्याचे झाले आहे. परंतु एके काळी या सुईचीच लोकांना धास्ती वाटे. ती घालविण्यासाठी ज्यांनी आधी आपला दंड पुढे केला, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आपण जाणून घ्यावे.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू असल्यामुळे मायदेशी प्राध्यापकपदाची वाट बंद होती. ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांची काळपुळी यांवर लुई पाश्चर यांनी दुबळ्या केलेल्या जंतूंची लस काढली होती. त्याच वाटेने हाफकिन यांनी माणसाच्या कॉलऱ्यावर लस तयार केली, १८९२ साली ती स्वतःला टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले व त्यांची लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा त्यांनी स्वतः घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळा तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. तरीही लोक बिचकतच होते. तेव्हा विशीही न गाठलेले तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. शब्दांपेक्षा कृतीने विश्वास लवकर बसतो, तो असा!

पण पुढे कठीण काळ आला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ती सर्व एकाच बाटलीतली लस होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा असावा, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. पण उमेदीची वर्षे निघून गेली होती.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

वाचकहो, अफवा एका दिवसात गावभर होते, सत्याला मात्र पाच वर्षे लागली. म्हणून ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी आपण चौकशी करावी, हाच या चरित्राचा बोध होय.