पगार सोडणारा पाद्री

रहाटणी-काळेवाडीच्या गल्ल्यांतून रविवारी सकाळी फिरले, तर कुठे विहारातली वंदना कानी पडते, कुठे भाड्याच्या खोलीतली ख्रिस्ती प्रार्थना. कारखान्यांच्या ओढीने आलेली माणसे आपला धर्मही सोबत आणतात. अशा वस्तीत धर्माचा पुढारी कसा असावा? हा प्रश्न पडला की रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. जात ब्राह्मण, पेशा शिक्षकाचा, पिंड कवीचा. जातिभेदाने पोखरलेल्या धर्मातून देशाचे भले होणार नाही, हे त्यांना पटले होते. १८९३ साली रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने पुढे नवऱ्याकडे येऊन मनातला विटाळ एकेक करून काढून टाकला आणि १९०० साली तीही ख्रिस्ती झाली. 'स्मृतिचित्रे'त तिने हा प्रवास लिहून ठेवला आहे.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. तिथल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजातून आलेली. पण उपासनेचा साचा परदेशी आणि पैसाही परदेशी. टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्ताची गाणी रचली, हाती कीर्तन घेतले. आमच्या शेजारच्या देहूचे तुकोबा हाच त्यांचा ख्रिस्ताकडे जाणारा पूल होता. तरीही एक गोष्ट त्यांना सलत राहिली. मिशनच्या पगारावर जगणारा प्रचारक लोकांना आपला कसा वाटणार? अखेर १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूचे शिष्यत्व मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांचे मोठेपण मान्य करूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. उपासनेचा पोशाख बदलला, पण खालची जात गेली का? चर्चने जातीला हात घातला नाही आणि धर्मांतरित अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लढाही दिला नाही, हे बाबासाहेबांनी परखडपणे मांडले. कायद्यानेही या माणसांना न्याय दिला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. बौद्ध म्हणून १९९० चा विजय साजरा करताना, एकाच गावकुसाबाहेरून आलेल्या या भावंडांकडे आपण पाठ फिरवायची काय?

आणि टिळकांचा धडा आपल्यालाही लागू आहे. ज्याचा पगार वरून येतो, तो वर पाहतो. ज्याची भाकरी वस्तीतून येते, तो वस्तीकडे पाहतो. विहार असो वा चर्च, संघटना असो वा पक्ष, आपल्या पुढाऱ्याची भाकरी कुठून येते हे आधी तपासा. मग त्याच्या मागे जायचे की नाही ते ठरवा.

जय भीम!