चूक जपून ठेवणारा छायाचित्रकार

पॅरिसमधील प्लास व्हाँदोम या श्रीमंती चौकात, एका हॉटेलच्या दालनात १९२२ साली छायाचित्रणाची एक बैठक चालली होती. समोर बसली होती मार्केझा लुईझा काझाती. इटलीतील ही गर्भश्रीमंत स्त्री स्वतःलाच एक कलाकृती मानत असे. डोळ्यांभोवती काजळाची दाट कडी, रंगवलेले तांबडेलाल केस आणि अंगावर कोणाला सुचणार नाही असा पोशाख. छायाचित्रकार मात्र नवखा होता. अमेरिकेतून येऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. त्याने आपले प्रखर दिवे लावले आणि हॉटेलचा फ्यूज उडाला. मग दालनातील साध्या दिव्यांवरच काम भागवावे लागले. उजेड कमी, म्हणजे भिंग अधिक वेळ उघडे ठेवणे आले आणि तेवढा वेळ समोरच्या व्यक्तीने पुतळ्यासारखे बसणे आले. मार्केझाला ते जमण्यासारखे नव्हते. निगेटिव्ह धुतल्यावर दिसले ते असे, की एकाच चेहऱ्यावर डोळ्यांच्या तीन जोड्या उमटल्या आहेत.

छायाचित्रकाराने ती काच निकामी म्हणून बाजूला ठेवली. मार्केझाने मात्र हट्टाने चित्र पाहिले आणि ती हरखून गेली. आपल्या देहाचे नव्हे, आपल्या आत्म्याचे चित्र निघाले आहे, असे तिला वाटले. तिने डझनावारी प्रती मागवल्या, मित्रमंडळींत वाटल्या आणि पॅरिसचा उच्चभ्रू समाज या अनोळखी अमेरिकनाच्या दाराशी येऊ लागला. त्याचे नाव मॅन रे.

हे त्याचे जन्मनाव नव्हे. २७ ऑगस्ट १८९० रोजी फिलाडेल्फियात जन्मलेला हा मुलगा मूळचा इमॅन्युएल राडनिट्स्की. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील कपड्यांच्या कारखान्यात राबत आणि घरीही शिवणकाम करत. आई उरल्यासुरल्या चिंध्यांतून घरातल्यांचे कपडे बेतत असे. कुटुंब पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेले आणि ज्यूद्वेषाच्या धास्तीने १९१२च्या सुमारास त्यांनी आडनाव आखडून ‘रे’ केले. सुया, कात्र्या, इस्त्र्या आणि कापडाचे तुकडे यांत वाढलेल्या या मुलाने पुढे त्यांचाच आपल्या कलेसाठी कच्चा माल केला. पॅरिसमधील पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी, १९२१ साली, त्याने एक साधी इस्त्री विकत घेतली, तिच्या तळाला खिळ्यांची रांग चिकटवली आणि ती मांडून ठेवली. कापड फाडणारी इस्त्री! शिंप्याच्या मुलानेच ती करावी, यात एक कडवट विनोद आहे. आपल्या घराविषयी बोलणे मात्र त्याने आयुष्यभर टाळले.

त्याला व्हायचे होते चित्रकार. वास्तुकलेच्या शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती त्याने त्यासाठीच नाकारली. १९१५च्या सुमारास कॅमेरा घेतला, तोही स्वतःच्या रंगचित्रांची छायाचित्रे काढण्यापुरता. त्याच वर्षी त्याची मार्सेल ड्यूशाँ या फ्रेंच कलावंताशी गाठ पडली. कलेच्या सर्व प्रस्थापित कल्पनांची टर उडवणारा दादावाद दोघांनी न्यूयॉर्कमध्ये रुजवून पाहिला. तो रुजला नाही. तेव्हा जुलै १९२१ मध्ये मॅन रे पॅरिसला आला. तिथे कवी आणि चित्रकारांनी त्याला आपला मानला, पण त्याची रंगचित्रे कोणी विकत घेईना. पोट भरायचे तर कॅमेराच हाताशी होता. फॅशनची छायाचित्रे, चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती आणि व्यक्तिचित्रे, अशी कामे तो करू लागला. ज्या विद्येकडे तो केवळ मिळकतीचे साधन म्हणून पाहत होता, तिनेच त्याला जगभर नाव मिळवून दिले. ही सल त्याच्या मनातून कधी गेली नाही. छायाचित्रण ही कला नव्हे, अशा अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका त्याने १९३७ साली काढली. तिच्यात थट्टा किती आणि खंत किती, हे ठरवणे सोपे नाही.

काझातीच्या चित्राच्या सुमारासच त्याच्या अंधारखोलीत आणखी एक घोटाळा झाला होता. उजेड न लागलेला एक कोरा कागद चुकून डेव्हलपरमध्ये गेला. वाट पाहूनही त्यावर काही उमटेना, तेव्हा त्याने सहज काचेचे नरसाळे, मापाचा पेला आणि थर्मामीटर त्या ओल्या कागदावर ठेवले आणि दिवा लावला. डोळ्यांदेखत कागद काळा होत गेला आणि वस्तूंच्या जागी पांढऱ्या, विरघळल्यासारख्या आकृत्या उरल्या. कॅमेऱ्याशिवाय चित्र काढण्याची ही युक्ती जुनीच, छायाचित्रणाच्या आरंभकाळापासूनची. पण मॅन रेने तिला आपले नाव देऊन ‘रेयोग्राफ’ म्हटले आणि १९२२ साली अशा बारा चित्रांचा संग्रहही काढला. चूक सगळ्यांच्याच हातून होते. तो ती फेकून देण्याआधी दोनदा पाहत असे, एवढाच फरक.

पुढची दहा वर्षे पॅरिसमध्ये ज्याला नाव होते किंवा नाव होणार होते, तो बहुतेक प्रत्येक जण त्याच्या माँपार्नासमधील स्टुडिओत येऊन गेला. जेम्स जॉइस, पिकासो, हेमिंग्वे, गर्ट्रूड स्टाइन... स्टाइनबाईंशी तर पुढे त्याने बिल पाठवले म्हणून बिनसले. नोव्हेंबर १९२२ मध्ये मार्सेल प्रूस्त वारला, तेव्हा मृत्युशय्येवरील त्याचे अखेरचे छायाचित्र काढायला झाँ कोक्तोने मॅन रेलाच बोलावले. यातली पुष्कळ चित्रे अगदी सरळ आहेत. साधी पार्श्वभूमी, एका बाजूने उजेड, आणि नंतर निगेटिव्हचा नेमका तेवढाच तुकडा मोठा करून छापणे. त्याची खरी करामत पुष्कळदा या कापण्यात होती. शिंप्याच्या घरात वाढल्याचा हाही एक परिणाम म्हणावा काय?

पण ज्या चित्रांमुळे तो अतिवास्तववाद्यांचा छायाचित्रकार ठरला, ती वेगळी आहेत आणि त्यांतील बहुतेक स्त्रियांची आहेत. ॲलिस प्राँ ऊर्फ किकी ही माँपार्नासमधील गायिका आणि चित्रकारांची मॉडेल काही वर्षे त्याची सहचरी होती. १९२४ साली त्याने तिला डोक्याला फेटा गुंडाळून पाठमोरी बसवले, हात पुढे घ्यायला लावले आणि तिच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनला असतात तशी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे उमटवली. एका प्रतीवर ती शाईने काढली आहेत, तर दुसऱ्या प्रतीत अंधारखोलीतच, आकार कापलेल्या आडोशातून उजेड टाकून साधली आहेत. शीर्षक होते ‘अँग्रचे व्हायोलिन’. अँग्र हा एकोणिसाव्या शतकातील थोर चित्रकार फावल्या वेळात व्हायोलिन वाजवत असे, त्यावरून फ्रेंचमध्ये या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘छंद’ असा झाला आहे. चित्र विलक्षण आहे यात वाद नाही. मे २०२२ मध्ये त्याची एक जुनी प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलरना गेली; तोवर कोणत्याही छायाचित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. पण ते पाहताना एक प्रश्न मनात राहतो. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा अर्धवट. बाई वाद्य झाली आणि वाजवणारा चौकटीबाहेर उभा आहे. तो छंद कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर देणारी स्त्री १९२९ साली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ली मिलर न्यूयॉर्कची नामांकित मॉडेल होती, पण ती आली होती शिकायला. मी तुमची नवी विद्यार्थिनी, असे तिने स्वतःच जाहीर करून टाकले. तीन वर्षे ती त्याची शिष्या, साहाय्यक, मॉडेल आणि प्रेयसी होती. त्याच्या चित्रांमधील सर्वांत विलोभनीय परिणाम या काळातला, आणि त्याचे श्रेय कोणाचे हा वाद तेव्हापासूनचा. लीच्या सांगण्यानुसार, अंधारखोलीत काम करताना तिच्या पायावरून काहीतरी, बहुधा उंदीर, गेला आणि दचकून तिने दिवा लावला. टाकीत निगेटिव्ह धुतल्या जात होत्या. त्या वाया गेल्या असे समजून मॅन रेने घाईने फिक्सरमध्ये घातल्या, तर त्यांच्यावर काही निराळेच अवतरले होते.

त्याचे कारण रासायनिक आहे. अर्धवट धुतलेल्या निगेटिव्हवर क्षणभर उजेड पडला, की जो भाग अजून कोरा आहे तोही काळवंडू लागतो. त्यामुळे पार्श्वभूमीच्या छटा उलटतात. मात्र काळ्या आणि कोऱ्या भागांच्या सीमेवर, आधीच्या क्रियेतून सुटलेले ब्रोमाइड साचून राहते आणि तिथले डेव्हलपिंग रोखते. परिणामी एक स्वच्छ रेघ उरते. छापल्यावर ती काळी दिसते आणि चेहऱ्याभोवती जणू पेन्सिलीने बाह्यरेषा काढल्यासारखी वाटते. ही घटना एकोणिसाव्या शतकातच सबातिये या फ्रेंच संशोधकाने नोंदवली होती, पण तो दोष मानला जाई. मॅन रे आणि ली यांनी उजेड किती, केव्हा आणि किती क्षण, याचे प्रयोग करून तो दोष बराचसा आटोक्यात आणला. तरी पूर्ण नाहीच. प्रत्येक काच हा एक जुगार होता आणि बिघडली तर मूळ चित्रच गेले. लीचा, धातूत ओतल्यासारखा दिसणारा बाजूचा चेहरा त्यातून निघाला. चित्रकाराची रेघ छायाचित्रात आली होती, आणि तीही ब्रश न उचलता.

त्या काळी लीने काढलेली काही चित्रे मॅन रेच्या नावावर गेली. त्याने टाकून दिलेल्या एका निगेटिव्हमधून तिने स्वतःच्या मानेचे एक सुंदर चित्र छापून काढले, तेव्हा ते कोणाचे यावरून कडाक्याचे भांडण झाल्याचे सांगतात. १९३२ साली ती त्याला सोडून न्यूयॉर्कला गेली आणि तिथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. मॅन रे उन्मळून पडला. मेट्रोनोमच्या हलत्या काट्यावर एका डोळ्याचे छायाचित्र अडकवून त्याने १९२३ साली एक वस्तू केली होती. तिच्यावर आता त्याने लीचा डोळा लावला आणि ती हातोड्याने फोडण्याच्या सूचना लिहिल्या. दोन वर्षे खपून एक प्रचंड रंगचित्रही केले. त्यात पॅरिसच्या वेधशाळेवरील आकाशात लीचे ओठ तरंगतात. त्याच वर्षीचे, गालावर काचेचे अश्रू चिकटवलेले ते गाजलेले चित्र पाहिले, की त्यातले दुःख खोटे आहे हे कळूनही नजर हटत नाही.

या काळातील एक नाते आपल्या जवळचे आहे. १९३०च्या सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि कागलच्या घराण्यातून आलेल्या महाराणी संयोगितादेवी युरोपात असत. आधुनिक कलेची त्यांना उत्तम पारख होती. त्यांनी मॅन रेकडून छायाचित्रे काढून घेतली. या चित्रांत चमत्कृती जवळपास नाही. दरबारी थाट, मंदिल, तलवार यांऐवजी एकमेकांना खेटून बसलेले, हसणारे एक तरुण जोडपे दिसते. चेहऱ्यांची मोडतोड करून प्रसिद्ध झालेल्या माणसाला चेहरा जसाच्या तसा कधी ठेवावा, हेही कळत होते. संयोगितादेवी १९३७ साली ऐन तारुण्यात वारल्या. त्यांची ती हसरी मुद्रा आज पाहताना म्हणूनच गलबलते.

जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर १९४० साली मॅन रेला अमेरिकेला परतावे लागले. मागे राहिलेल्या कामाची काळजी घेऊनच तो हॉलिवूडला पोहोचला. तिथे त्याला ज्यूलिएट ब्राउनर भेटली. १९४६ साली त्यांनी लग्न केले. छायाचित्रण सोडून आता केवळ रंगचित्रेच काढायची असे त्याने ठरवले, पण तिथेही लोक त्याला छायाचित्रकार म्हणूनच ओळखत. १९५१ साली तो पॅरिसला परतला. १९५७ मध्ये एका प्रदर्शनात निदर्शक विद्यार्थ्यांनी त्याचा तो मेट्रोनोम उचलला आणि खरोखरच नष्ट केला. मॅन रेने नुकसानभरपाई घेतली, तीच वस्तू पुन्हा बनवली आणि तिचे नवे नाव ठेवले ‘अविनाशी वस्तू’. १९६१ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, तेही छायाचित्रणासाठी. लीशी त्याची मैत्री मात्र पुन्हा जुळली होती आणि ती अखेरपर्यंत टिकली.

१८ नोव्हेंबर १९७६ रोजी पॅरिसमध्येच त्याचा मृत्यू झाला. माँपार्नासच्या दफनभूमीत तो आहे. १९९१ मध्ये ज्यूलिएटही शेजारी विसावली. त्याच्या सुमारे १२ हजार निगेटिव्ह १९९४ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राकडे आल्या. सोबतच्या छोट्या छापांवर जागोजागी त्याने आखलेल्या रेघा आहेत. रेघेच्या बाहेर स्टुडिओतल्या खुर्च्या, भिंती, पडदे असे सारे अगदी रोजचे जग आहे.