रट्टा मारूनही विसरायला का होतं? १४० वर्षांपूर्वी स्वतःवर प्रयोग करणारे एबिंगहाउस

दहावीत मी विज्ञानाचं अख्खं पुस्तक आदल्या रात्री वाचून काढलं होतं. पेपरात ओहमचा नियम आला. पुस्तकातलं ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, पण नियम काही आठवेना. वाटलं, आपली मेमरीच कमी आहे. पुढे हर्मान एबिंगहाउस यांच्याबद्दल वाचलं आणि कळलं की गडबड वेळापत्रकात होती.

एबिंगहाउस यांचा जन्म १८५० साली जर्मनीतल्या बार्मेन गावचा. बॉन विद्यापीठात शिकताना मध्येच ते युद्धावर गेले, परत येऊन १८७३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर काही वर्षं इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या केल्या. स्मरणशक्ती प्रयोगाने मोजता येईल, असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. यांनी ते करायचं ठरवलं, आणि प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः!

ओळखीचे शब्द चटकन लक्षात राहतात. म्हणून त्यांनी सुमारे २,३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या घड्याळाच्या ठोक्यावर वाचून पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला ते लिहून ठेवायचं. २० मिनिटांनी पाठ केलं तर ५८ टक्के वेळ वाचायचा, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे मोठी घसरण पहिल्याच दिवशी होते, मग ती मंदावते.

आता आपल्या कामाची गोष्ट. १२ अक्षरगटांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत मिळाला. जवळपास निम्मी मेहनत! शिवाय बायरनच्या कवितेची कडवी पाठ करायला अर्थहीन अक्षरांच्या साधारण एक दशांश श्रम लागले. हे सगळं त्यांनी १८८५ मध्ये पुस्तकात मांडलं. १९०९ मध्ये हाले शहरात त्यांचं निधन झालं.

आज अँकीसारखी फ्लॅशकार्ड अॅप्स हेच तत्त्व वापरतात: जे येतं ते कार्ड उशिरा दाखवायचं, जे चुकतं ते लवकर.

मग विज्ञानासाठी काय करायचं? आधी धडा समजून घ्या. मग नुसती व्याख्या न उतरवता प्रश्न बनवा. उदाहरणार्थ, तापमान तेच ठेवून विभवांतर दुप्पट केलं, तर विद्युतधारेचं काय होईल? पुस्तक मिटून उत्तर द्या, मगच तपासा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा सोडवा. अॅप नसेल तर वहीच्या कागदाचे तुकडेही चालतील.

माझा मामेभाऊ यंदा दहावीला आहे. त्याला मी पहिलं कार्ड ओहमच्या नियमाचंच करून दिलंय.